फलाटबाई आणि दरसाल दरशेकडा

"त्या पातेल्याला टक्के सांगून झाले असतील तर त्याच्यात आता चहाचं आधण ठेव," वन्सं पुटपुटल्या. पुटपुटणं आपलं म्हणायचं. पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि ज्याला टोचायला हवं त्याच्याच कानात नेमकं पडेल, अशा बेताचं ते पुटपुटणं होतं.

फलाटबाई पातेलं घासत होत्या आणि घासता घासता म्हणत होत्या, "हातात मिळणारे, शंभर. पगाराच्या दिवशी परत द्यायचे, एकशे पंधरा. वर्षाचा दर, दरसाल दरशेकडा एकशे ऐंशी."

"शाळेत दरसाल दरशेकडा आलं की माझं पोट दुखायचं. पन्नाशी उलटल्यावर ते घरी राहायला येईल असं वाटलं नव्हतं."

"वन्सं, तुम्हाला कसला त्रास होतो हो? तोंड माझं, पातेलं माझं."

"पातेलं निम्मं माझं."

हे मात्र खरं होतं. त्या घरात सगळंच निम्मं-निम्मं होतं. बाईंचे यजमान, म्हणजे वन्संचे सख्खे भाऊ, गेले, त्यानंतर पंधरवडाभरातच वन्संनी सांगून टाकलं होतं, "वहिनी, मी भावाच्या घरात राहत होते. आता वहिनीच्या घरात उपकारावर राहणार नाही. जे येईल त्यात निम्मे माझे." बाईंनी मान डोलावली होती. त्या वेळी दोघींनाही रडू येत होतं, आणि रडू येत असताना माणूस कशालाही मान डोलावतो. तेव्हापासून मिठाच्या पुडीपासून दाराच्या रंगापर्यंत सगळ्यात वन्संचा वाटा ठरल्या दिवशी टेबलावर हजर. कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. कुरकुर बाकी सगळ्या गोष्टींवर.

"खिडकीवाला येत्या एक तारखेला येतोय," बाई म्हणाल्या. पुढच्या खोलीला नवी खिडकी बसवायची होती, मोठी, दोन झडपांची. निवृत्तीनंतर बाईंना घर सजवायची हौसच लागली होती. आधी मोरीची फरशी झाली, मग ओट्याचं नवं भांडं, आता खिडकी.

"आहे लक्षात. निम्मे माझे," वन्सं म्हणाल्या, चहा घटाघटा प्यायल्या आणि बटणांच्या कारखान्यात निघून गेल्या. तिथे त्या बटणांची छिद्रं तपासायच्या. न बघता, नुसता अंगठा फिरवून. छिद्र केसभर जरी बाजूला गेलेलं असलं तरी बटण टोपलीत. घरातही त्यांचा अंगठा असाच फिरत असायचा, एवढंच.

फलाटबाईंना फलाटबाई म्हणायचं कारण गावात कुणाला सांगावं लागत नसे. उभी हयात त्यांनी बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून घोषणा केल्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं त्या म्हणाल्या की रडणारं पोर गप्प व्हायचं. गाडी दोन तास उशिरा आहे हे त्या अशा सांगायच्या, की लोकांना वाटावं, चला, दोन तास बक्षीस मिळाले. कुणी चिडायचं नाही. कुणी नीट ऐकायचंही नाही. पण सगळे आपापल्या पिशव्या उचलून, खुशीत, दुसऱ्याच फलाटाकडे चालू लागायचे. पुढे यंत्र आलं. त्यात कुठल्याशा परक्या बाईचा आवाज होता. फलाटबाईंना हार मिळाला, निवृत्तिवेतन मिळालं, आणि मोकळा वेळ इतका मिळाला की त्या भाजीवाल्यालाही "मेथी थोड्याच वेळात संपत आहे" असं सांगू लागल्या.

अशा वेळी आगाऊशेठ त्यांच्या दारात आले.

आगाऊशेठ म्हणजे पगाराआधी पगार देणारे. महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की त्यांच्या दुकानात जायचं, पगाराची चिठ्ठी दाखवायची, पैसे घ्यायचे, आणि पगार झाला की वर थोडे घालून परत करायचे. पोटाने गोल, मनाने हळवा, हिशेबात पक्का असा माणूस. पूर्वी ते नुसतं म्हणायचे, "शंभराला पंधरा, चहापाण्याचे." लोक म्हणायचे, ठीक आहे. पण सरकारने नवा कायदा केला. पगारावर उचल देणाऱ्या प्रत्येक दुकानाला परवाना हवा. जुनी उचल फिटल्याशिवाय नवी द्यायची नाही. आणि पैसे हातात ठेवण्याआधी गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायचं: हातात किती, परत किती, वर्षाचा दर किती. उद्या संध्याकाळपर्यंत मन बदललं तर वरचे पंधरा माफ. आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, 'हे सगळे ऐकून, तरीही हवेत का?'

"बाई," आगाऊशेठ रुमालाने मान पुसत म्हणाले, "माझी निंदा, माझ्या दुकानात, माझ्याच खर्चाने, मोठ्याने वाचायला लावली आहे सरकारने. आता वाचायचीच आहे तर निदान गोड आवाजात होऊ दे."

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या काचेजवळची, उशी घातलेली खुर्ची त्यांची झाली. एका बाजूला चप्पल शिवणारा, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान, समोर रस्ता, डोक्यावर फिरताना टकटक करणारा पंखा. बाईंना ती टकटकसुद्धा आवडायची. आवाजाला पुन्हा जागा मिळाली होती. माणसाला अजून काय लागतं?

गिऱ्हाइकं यायची. बसायच्या आधीच कारण सांगायची. कायद्यात कारण विचारायची अट नव्हती, शेठ विचारत नसत, बाई विचारत नसत, तरी प्रत्येकजण सांगायचाच. बेकरीतला पाववाला म्हणायचा, पाहुणे येणारेत. दवाखान्यातली आया म्हणायची, दाढ काढायचीय. शिंप्याकडचा कापड बेतणारा म्हणायचा, छप्पर गळतंय. सगळं "ह्या महिन्यापुरतं, बरं का". पुढच्या महिन्यात पाहुणे गेलेले असायचे, मग पाववाल्याची दाढ दुखायची.

आणि बाई वाचायच्या. काय वाचायच्या! एकशे ऐंशीवर जरा आवाज चढवून, लगेच असा अलगद खाली आणायच्या, की पाववाल्याच्या डोळ्यांसमोर डोंगर आणि वळणाचा रस्ता उभा राहायचा. "तरीही हवेत का?" हे तर "आपला प्रवास सुखाचा होवो" ह्याच चालीवर. गिऱ्हाईक अंगठा उमटवायचं, पैसे घ्यायचं, पिशवी उचलायचं आणि दारात क्षणभर थांबून डावी-उजवीकडे गाडी बघायचं.

धंदा वाढला. पलीकडच्या आळीतलं गिऱ्हाईक इकडे येऊ लागलं. शेठनी बाईंच्या खुर्चीला दुसरी उशी आणली.

मग एके दिवशी तपासनीसबाई आल्या. वयाने बाईंच्या लेकीसारख्या, सायकलवरून आलेल्या, घामाघूम. त्या आत आल्याच नाहीत. चप्पलवाल्याच्या बाकड्यावर बसल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या.

"काका, आत काय सांगितलं तुम्हाला?"

"छान सांगितलं," पाववाला म्हणाला.

"पण काय सांगितलं?"

"सगळंच. एक शब्द सोडला नाही बाईंनी."

आयाला विचारलं, परत किती द्यायचे? ती म्हणाली, "ते पगार झाला की कळेलच की." कापड बेतणाऱ्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "फलाट तीन?" आणि स्वतःच लाजला.

तपासनीसबाई आत आल्या आणि बाईंसमोर बसल्या. "बाई, तुमची चूक काढू कशी? मी काचेबाहेरून ऐकत होते. शब्दन् शब्द बरोबर. पण शेवटी मलाही आकडा आठवेना, नुसतं बरं वाटलं." मग शेठकडे वळून म्हणाल्या, "कायद्यात नुसतं 'सांगावे' असं नाही, शेठ. 'समजेल असे सांगावे' असं आहे. महिनाअखेरीला मी परत येईन. बाहेर पडणाऱ्याला आपण काय घेतलं हे सांगता आलं नाही, तर परवाना काढून घ्यावा लागेल."

त्या गेल्यावर शेठ पंख्याकडे बघून म्हणाले, "आवाज वाईट म्हणून माणूस नाटकातून गेलेला मी पाहिलाय. आवाज चांगला म्हणून दुकान गेल्याचं कधी ऐकलं नव्हतं."

"मी नीट, कडक वाचते ना."

"कडक वाचलंत तर गिऱ्हाईक पळेल!"

इकडे आड, तिकडे विहीर. गोड वाचावं तर परवाना जाणार, कडू वाचावं तर गिऱ्हाईक जाणार, आणि दोन्हीकडून जाणार ती दोन उश्यांची खुर्चीच. त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा पंख्याची टकटक न ऐकता घरी आल्या.

तरी त्यांनी उपाय करून पाहिले. सावकाश वाचलं, तर पाववाला पहाटेचा उठलेला, तो खुर्चीतच पेंगला. मोठ्याने वाचलं, तर चप्पलवाला हातातली टोचणी घेऊन धावत आला, "कोण भांडतंय?" बोटांवर मोजून दाखवत वाचलं, तर आया बाईंच्या बोटातल्या अंगठीची चौकशी करू लागली. उभ्या गावाला बाईंचा आवाज न ऐकता ऐकायची सवय झालेली. सवयीला औषध नसतं.

घरी बाई गप्प. भांडी घासली तीही मुक्याने.

"आज पाठांतर नाही?" वन्सं म्हणाल्या. "यंत्र बिघडलं वाटतं."

वन्संनी हातातली पळी छातीशी धरली, मान तिरकी केली आणि हुबेहूब सुरू केलं, "हातात मिळणारे, शंभर. पगाराच्या दिवशी परत द्यायचे, एकशे पंधरा. वर्षाचा दर, दरसाल दरशेकडा एकशे ऐंशी. उद्या संध्याकाळपर्यंत परत आणून दिल्यास वरचे पंधरा माफ. आधीची उचल फिटल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. हे सगळे ऐकून, तरीही हवेत का? वन्सं, नळ नीट बंद करा!"

बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, मग एकदम त्या ओट्याला टेकल्या. "वन्सं, तुम्हाला हे येतं कसं?"

"ऐकून. दुसरं कसं?"

"तिथेही लोक ऐकतात. एकाला येत नाही."

"तिथे तू फलाटावरून बोलत असशील. सगळ्या गावाशी. इथे तू माझ्याशी बोलतेस, 'नळ बंद करा'वाल्या आवाजात." वन्संनी पळी परत डब्यात टाकली. "तो आवाज चुकवता येत नाही गं बाई. मी वर्षानुवर्षं प्रयत्न करून पाहिलाय."

बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी वन्संना आपल्या वाटचा चहाही दिला. वन्संना टक्के एवढे मन लावून कशाला ऐकावेसे वाटले असतील, हे काही त्या खुशीत त्यांच्या मनात आलं नाही.

महिनाअखेर आली. तपासनीसबाईंची सायकल चप्पलवाल्याच्या बाकड्याला टेकली. आत शेठ गादीवर, पण गादीला काटे लागल्यासारखे.

पहिला पाववाला. "पाहुणे येणारेत," तो बसता बसता म्हणाला, "चारशे द्या."

"खिशात काय बघताय? इकडे बघा, माझ्याकडे," बाई म्हणाल्या. पाववाल्याने दचकून पाठ ताठ केली. शब्द कायद्याचेच होते, एक इकडचा तिकडे नाही, पण आवाज मोरीपाशी उभं राहून नळाची तक्रार करणारा. हातात किती, परत किती, वर्षाचा दर किती.

"साठ?" पाववाला म्हणाला. "चारशेवर साठ वर?"

"हो."

"मग मागच्या महिन्यात किती होते?"

"मागच्या महिन्यातही साठच."

"तेव्हा तुम्ही किती छान सांगितलं होतंत!" पाववाला दुखावल्यासारखा म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "दोनशेच द्या." बाहेर जाऊन त्याने तपासनीसबाईंना न विचारताच सगळं सांगितलं, वर्षाच्या दरासकट, आणि चप्पलवाल्यालाही सांगितलं.

मग आया आली. शेवटच्या प्रश्नापर्यंत नीट ऐकलं आणि उठलीच. "थांबा, मी आधी बहिणीला विचारून बघते."

शेठनी कपाळावर हात मारला. "बाई, परवाना राहतोय, पण दुकान निघालं!"

"थांबवू का?"

शेठनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "असू दे. वाचा तुम्ही. माझी आई मला ह्याच आवाजात हाक मारायची. तिच्यामुळे माझं कधी वाईट झालं नाही." आणि त्यांनी स्वतः उठून आयाने सरकवलेली खुर्ची जागेवर लावली.

त्या खुर्चीवर वन्सं येऊन बसल्या.

अंगात कारखान्याचा कामाचा झगा, बाहीवर बटणांची पांढरी भुकटी, हातात पगाराची चिठ्ठी. बाईंकडे न बघता त्या भिंतीकडे बघत होत्या.

"या ताई, बसा," शेठ म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं.

"वन्सं?" बाई म्हणाल्या. "इथे कशा? काही विसरलात का घरी?"

"आमच्या फाटकासमोरचं दुकान बंद झालं," वन्सं भिंतीला म्हणाल्या. "परवाना नाही मिळाला त्यांना. पलीकडच्या आळीतलंही. आता तुझंच उरलं."

बाईंना क्षणभर काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदमच कळलं. फाटकासमोरचं दुकान बंद झालेलं ज्याला कळतं तो तिथे जाणारा असतो. मोरीची फरशी आठवली. ओट्याचं भांडं आठवलं. ठरल्या दिवशी टेबलावर आलेला वाटा आठवला, कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. पाठीमागचं पुटपुटणं आठवलं, आणि त्यांना आजवर वाटत आलेलं, की वन्संना आपल्या नोकरीचा जरा हेवाच वाटतो.

"वन्सं, तुम्ही…"

"वाच तू. बाहेर ती सरकारी मुलगी बसलीय. तुझी खुर्ची जाईल."

बाईंनी तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, आवाज आपसूक फलाटावर जाऊन बसला. गोड, गोल, डोंगरातल्या वळणासारखा. आपल्या माणसाला हे आकडे सांगायचे तर निदान गुळात घोळून सांगावे, असं त्यांच्या जिभेनेच परस्पर ठरवून टाकलं.

"तो नको," वन्सं म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "घरातला."

मग बाईंनी घरातल्या आवाजात वाचलं. वन्संनी मागितलेल्या रकमेवर किती होतात ते सांगितलं, परत किती ते सांगितलं, वर्षाचा दर सांगितला, उद्या संध्याकाळची सवलत सांगितली.

दारात तपासनीसबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ताई, काय सांगितलं तुम्हाला?"

वन्संनी सगळं म्हणून दाखवलं. एक आकडा चुकला नाही. म्हणताना अंगठा पगाराच्या चिठ्ठीच्या कडेवरून फिरत होता, छिद्र शोधत असल्यासारखा.

"एवढंच तर हवं होतं मला," तपासनीसबाई हसून म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं, शेठना म्हणाल्या, "परवान्याची काळजी करू नका," आणि सायकल काढून गेल्या. शेठनी इतका मोठा श्वास सोडला, की गल्ल्यावरचे कागद हलले.

पण वाचून संपलं नव्हतं. एक ओळ राहिली होती.

"हे सगळे ऐकून," बाई म्हणाल्या, "तरीही हवेत का?"

आजवर हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता, फक्त म्हटला होता. आता तो दोघींच्या मधे टेबलावर येऊन बसला. पंखा टकटक करत होता.

"तो खिडकीवाला उद्या…" वन्संनी सुरुवात केली. "आणि ह्या महिन्यात कारखान्यात जरा… म्हणजे ह्या महिन्यापुरतंच…"

बाई नुसत्या बघत राहिल्या, नळाकडे बघावं तशा नव्हे.

"हवेत का, वन्सं?"

वन्संनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग खुर्चीला पाठ टेकली. दिवसभर बाकावर वाकून बसलेलं माणूस घरी येऊन टेकतं तशी.

"पुरत नाही गं, वहिनी," त्या म्हणाल्या. "मला पगार पुरत नाही. ते निम्मं-निम्मं मला कधीच पुरलं नाही."